अंधारात चालणारं घड्याळ

१

सौरभच्या स्कूटरच्या डिकीतला नारळ आणायला गेलेला यशराज वर आला, तेव्हा त्याच्या एका हातात नारळ होता आणि दुसऱ्या हातात शहाजीरावांचं हरवलेलं घड्याळ.

नेरूळच्या त्या दोन खोल्यांच्या घरात साखरपुड्याची तारीख काढायला माणसं जमली होती. एका बाजूला मंजुषाचे आईवडील उज्वला आणि शहाजीराव, आणि राहीबाई आजी. समोर सौरभ आणि त्याचे आईवडील, सितारामकाका आणि भिमाबाई. जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं ती मंजुषा पोह्यांच्या बशा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं बशा घाईनं फ्रिजवर ठेवल्या.

"हे डिकीत होतं," यशराज म्हणाला. "फडक्यात गुंडाळून. नारळाच्या खाली."

यशराज मंजुषाचा चुलतभाऊ. वडील गेल्यापासून याच घरात वाढलेला, आता उरणला कंटेनरच्या गोदामात कामाला. आठवडाभर तिकडेच राहायचा आणि रविवारी सकाळी घुम्यासारखा घरी यायचा. सौरभ बौद्ध, आपण मराठा, हे लग्न त्याला पसंत नव्हतं. तसं त्यानं सांगितलंही होतं, आणि शहाजीरावांनी त्याला सगळ्यांसमोर झापलं होतं.

शहाजीरावांनी घड्याळ हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि एक शब्द न बोलता टीपॉयवर ठेवलं.

"मी नाही ठेवलं," सौरभ म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "माझ्या डिकीचं लॉक बिघडलंय. कुणीही उघडू शकतं."

"ते खरंय," यशराज नाइलाजानं बोलल्यासारखा बोलला. "शहाजीकाका म्हणालेच, किल्ली नेऊ नको, तशीच उघडते."

मंजुषानं पुढे होऊन घड्याळ उचललं. का उचललं, तिलाही सांगता आलं नसतं. कदाचित ते दुसरं कुणाचं असेल, अशी वेडी आशा असावी. पण पट्ट्याच्या कडीवरचा ओरखडा ओळखीचा होता. सेकंद काटा टुकटुक पुढे चालला होता. वेळही भिंतीवरच्या घड्याळाशी जुळत होती. तिचे डोळे भरून आले, तिनं बोटांनी ते पुसले, आणि डोळ्यांची अशी काही आग झाली की ती मोरीकडे पळाली.

तोंडावर पाणी मारून ती परत आली तोवर सितारामकाका उभे राहिले होते.

"शहाजीराव, तुम्ही काही बोलला नाहीत, यातच सगळं बोललात," ते म्हणाले. "पोलिसात द्यायचं असेल तर द्या."

"पोलिसात कशाला? दोन्ही घरांच्या अब्रूचा प्रश्न आहे," शहाजीराव खाली बघत म्हणाले. "विषय इथंच मिटवू."

"मिटवायला आमच्याकडून काही झालेलं नाही. माझा मुलगा चोर नाही असं तुम्ही घरी येऊन सांगाल, तेव्हा तारखेचं बोलू."

भिमाबाईंनी जाताना मंजुषाच्या गालावरून हात फिरवला. सौरभनं मात्र तिच्याकडे वर मान करून पाहिलंही नाही, आणि तेच तिला सगळ्यांत जास्त लागलं.

जिना उतरणारे पाय ऐकू यायचे थांबले, तसे शहाजीराव उज्वलाला म्हणाले, "ज्योतिबातात्यांना गावी फोन लाव. कोरेगावचं ते स्थळ म्हणत होते ना, त्यांना म्हणावं, येत्या रविवारी घेऊन या."

२

त्या घड्याळाची थोडी हकिगत सांगायला हवी, कारण या घरात त्याचा मान थोरल्या जावयासारखा होता.

शहाजीरावांच्या मावसभावानं मस्कतला काही वर्षं वापरून मग ते त्यांना दिलं होतं. याला चावी नाही, सेल बदलणं नाही. काळसर तबकडीवर ऊन पडलं की आत साठा होतो आणि त्यावर काटे चालतात. साठा संपत आला की सेकंद काटा दोन-दोन सेकंदांच्या उड्या मारायला लागतो आणि मग मुकाट थांबतो. शहाजीराव बेलापूरच्या सरकारी कचेरीत कारकून. तिथंच सितारामकाका, आणि तिथंच तळमजल्यावरचे शेजारी दिनानाथकाका. शहाजीरावांचं बघून त्या दोघांनीही उन्हावरची घड्याळं मिळवली. मग जेवणाच्या सुट्टीत खिडकीत तिन्ही घड्याळं ओळीनं मांडायची आणि कुणाचं पुढे, कुणाचं मागे, यावर तावातावानं भांडायचं, हा तिघांचा नेम झाला. त्याच खिडकीतून दोन्ही घरांचं येणंजाणं वाढलं, आणि त्यातून मंजुषा आणि सौरभचं जुळलं. सितारामकाकांनी विचारलं तेव्हा शहाजीरावांनी अख्ख्या कचेरीसमोर शब्द दिला होता. आमच्या घरात जात विचारत नाहीत, असं ते छाती पुढे काढून म्हणाले होते, आणि मंजुषाला तेव्हा आपल्या बापाचा केवढा अभिमान वाटला होता.

तीन आठवड्यांपूर्वीच्या रविवारी सौरभ जेवायला आला होता. घड्याळ गॅलरीच्या कठड्यावर उन्हाला ठेवलेलं होतं. तो गेला आणि घड्याळही गेलं. तेव्हापासून कुणी तोंडानं काही म्हणत नव्हतं. राहीबाई आजी तेवढी अधूनमधून पुटपुटायची, "मी काय बोलू बाई."

मंजुषानं त्या दिवशी दोन घास कसेबसे गिळले. रविवार म्हणजे फक्त सात दिवस. तोवर सौरभवरचा डाग निघाला नाही, तर कोरेगावचं स्थळ येणार, भावकीतले वडीलधारे तात्या मिशीवर ताव देत बसणार, आणि 'चोराच्या घरी मुलगी देणार का' या प्रश्नाला कुणाकडेच उत्तर नसणार. तिनं दार लोटून सरोजिनीमावशीला फोन लावला.

सरोजिनीमावशी उज्वलाची थोरली बहीण, बेलापुरात वकिली करणारी. पर्समध्ये कायम भाजलेले शेंगदाणे. समोरचा बोलत असला की ती एकेक दाणा तोंडात टाकत राहायची, आणि लोक ती काही ऐकत नाही असं समजून भलतंसलतं बोलून जायचे.

तिनं फोनवर सगळं ऐकलं आणि एकच विचारलं. "घड्याळ चालू होतं?"

"हो. अगदी बरोबर वेळ."

पलीकडे दाणा चावल्याचा आवाज आला.

"उद्या येते," मावशी म्हणाली. "त्या घड्याळाला कुणाला फडकं मारू देऊ नको."

३

मावशी आली ती आधी तळमजल्यावर दिनानाथकाकांकडे. मंजुषा बरोबर होतीच.

दिनानाथकाकांना आपल्या मुलासाठी मंजुषा हवी होती, हे सोसायटीत कुणापासून लपलेलं नव्हतं. त्यामुळे मंजुषाला त्यांचा जरा संशय होता. पण त्या दिवशी रजेवर घरी असलेले काका खुशीत होते.

"बघा मॅडम, घड्याळ चोरायचंच तर चांगलं चोरावं ना माणसानं," ते म्हणाले. "शहाजीचं काय, दिसायला राजा आणि आतून दमलेलं. आमची शर्यत झाली होती ना मागे. अंधारातली."

"अंधारातली म्हणजे?" मंजुषानं विचारलं. हे ती पहिल्यांदाच ऐकत होती.

"जेवणाच्या डब्यात तिन्ही घड्याळं घातली, झाकण लावलं, शुक्रवारी ड्रॉवरमध्ये ठेवून घरी. सोमवारी उघडलं, तर माझं चालू, सितारामचं चालू, आणि शहाजीचं ठप्प. तोंड एवढंसं झालं होतं त्याचं. आम्हाला शपथ घातली, घरी सांगू नका म्हणून. टेन्शन घेऊन रोज सकाळी उन्हात धरायचा मग त्याला."

मावशीच्या हातातला दाणा तोंडाशी जाता जाता थांबला. "दोन-तीन दिवसांत बंद पडतं म्हणा की."

"मॅडम, बंद म्हणजे बंद. परत ऊन दाखवलं तर काटा उड्या मारतो, पण वेळ लावून द्यावी लागते."

जिना चढताना मंजुषानं मावशीचा दंड धरला. "मावशी, मग ते डिकीत तीन आठवडे..."

"डिकीत नव्हतंच ते. कुठंतरी रोज ऊन खात होतं," मावशी म्हणाली. "आता एवढंच, की तुझ्या सौरभच्या घरीही ऊन पडत असणार. तेव्हा घाई करू नको."

घरी आजी भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती, गुडघ्यांना तेल लावत. मावशीनं काही विचारायच्या आतच ती सुरू झाली.

"मला नगं हुतं हे लगीन, मी काय चोरून न्हाई ठेवलं. तोंडावर सांगितलंय शाजीला. पर म्हनून पोराच्या अंगावर बालंट आननारी मी न्हाई."

"आजी, तुम्हाला घड्याळ सापडलं असतं तर कुठं ठेवलं असतं?" मावशीनं सहज विचारलं.

"कुठं म्हंजे? कपाटात. लुगड्याच्या घडीत. म्हागाची वस्तू का उघड्यावर ठेवत्यात? शाजीला मी कितींदा सांगितलं, त्ये उन्हात टाकू नगंस, इटंल." आजीनं तेलाची वाटी बाजूला सरकवली. "तसा गुनाचा हाय माझा ल्योक. यंदा माझं गुडघं धरल्यात, तर वर्साच्या चटनीच्या मिरच्या त्योच गच्चीवर न्हेतो. सकाळी ऊन द्येतो, कचेरीतनं आल्यावर खाली आनतो. दादल्या मानसानं असं केल्यालं बगितलंईस कदी?"

उज्वला आतून म्हणाली, "सगळी सोसायटी नावाजते."

मग मावशीनं शोकेसवरचं घड्याळ मागून घेतलं. खिडकीशी जाऊन तिनं साडीच्या पिनेनं पट्ट्याच्या कड्यांमधून काहीतरी टोकरलं, तळहातावर घेतलं आणि वास घेतला. पाठोपाठ तिला तीन शिंका आल्या.

"काल डोळे चोळलेस तेव्हा आग झाली होती ना?" ती हळूच म्हणाली.

तिच्या तळहातावर मिरचीचं एक पिवळट बी होतं.

४

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघी बेलापूरला सितारामकाकांच्या घरी गेल्या. मंजुषाला दारातच रडू येईल असं वाटत होतं. सौरभनंच दार उघडलं. "ये," एवढंच म्हणाला.

मावशीनं घड्याळाचं नावही काढलं नाही. भिमाबाईंनी चहाबरोबर आमटी-भातही पुढे केला, तेव्हा ती म्हणाली, "मसाला छान आहे. मिरच्या घरीच वाळवता?"

"नाय ओ," भिमाबाई म्हणाल्या. "दोन वर्सं झाली, मला दम्याचा त्रास. मिरची घरात आली तरी मी खोकते, शेजारणीपण खोकतात. सौरभ गिरणीतनं तयार मसाला आणतो, तो पण डबा बंद करून."

मंजुषाच्या छातीवरचं ओझं उतरलं, आणि उतरलं त्याच क्षणी दुसरं चढलं. इथं मिरच्या नाहीत. मग मिरच्या आपल्याच घरच्या.

निघताना सौरभ खालपर्यंत आला. "मंजू, तुला पण वाटलं होतं का?" त्यानं विचारलं.

"नाही."

"एकदासुद्धा?"

ती खरं तेच बोलली. "एकदा. पाणी मारायला मोरीत गेले तेव्हा. मग नाही."

त्यानं मान हलवली. रागावला की सुटला, तिला कळलं नाही. परतीच्या वाटेवर ती मावशीला म्हणाली, "आजीच असणार. मिरच्या तिच्या. लग्न तिला नको. मावशी, मी आजीला काय विचारू?"

मावशीनं शेंगदाण्यांची पुडी बंद करून पर्समध्ये टाकली. तसं ती क्वचितच करायची.

"आजी गच्चीवर चढते का, मंजू?"

मंजुषा चालता चालता थांबली.

"तिला मिळालं असतं तर लुगड्याच्या घडीत गेलं असतं आणि दोन दिवसांत बंद पडलं असतं. यशराज म्हणशील, तर तो आठवडाभर उरणला, आणि मिरच्या इथं गच्चीवर. त्याच्या मागे घड्याळाला ऊन कोण देणार आणि वेळ कोण लावणार? दिनानाथ गच्चीवर गेले असते तर मिरच्यांवर राखणीला बसलेल्या बायकांनी कधीच बोंब ठोकली असती. आणि हे बघ, चोराला घड्याळ बंद पडलं तरी चालतं. ज्याला ते बंद पडलेलं बघवत नाही, असा माणूस एकच आहे."

मंजुषाला ते नाव ऐकायचं नव्हतं. "चूक होत असेल तुझी," ती म्हणाली.

"होऊ दे चूक," मावशी म्हणाली. "शनिवारी सगळे घरी असू द्या. उज्वलाला सांग, एक घट्ट झाकणाचा डबा घासून ठेव."

५

शनिवारी यशराजही एक दिवस आधी आला होता, कारण उद्या पाहुणे येणार होते. मावशीनं टीपॉयवर डबा ठेवला, शोकेसवरचं घड्याळ उचलून त्यात घातलं आणि झाकण दाबून बसवलं.

"दाजी, मी तक्रार लिहून आणलीय," ती म्हणाली. "घरातला विषय घरात ठेवून मुलाचं आयुष्य नासतं. घड्याळ पुरावा आहे. खटला उभा राहीपर्यंत ते असंच बंद राहील."

"कशाला उगाच," शहाजीराव म्हणाले. "झालं ते झालं."

"एकदा पुरावा म्हटलं की महिना, दोन महिने. उघडायचं नाही."

शहाजीराव हसले, पण त्यांची नजर डब्यावरून हलेना. चहा आला. त्यांनी कप उचलला, खाली ठेवला. आजी पाहुण्यांना काय करायचं ते बोलत होती आणि मंजुषा बापाच्या बोटांकडे बघत होती. ती बोटं गुडघ्यावर सेकंद मोजत होती. तिच्या मनात एकच घोष चालला होता. काही बोलू नका पप्पा. काहीच बोलू नका.

"ताई, असं नका ठेवू ते," शेवटी ते म्हणाले. "निदान काचेच्या बरणीत तरी ठेवा. त्याला ऊन लागतं. बंद पडेल."

"डिकीत तीन आठवडे नाही पडलं ते?"

यशराजनं आधी डब्याकडे पाहिलं, मग काकांकडे. "काका," तो सावकाश म्हणाला, "नारळ आणायला मलाच का पाठवलंत तुम्ही?"

मावशीनं रुमालाची गाठ सोडली आणि मिरचीचं बी डब्याच्या झाकणावर ठेवलं. तिनं पुढे काहीच सांगितलं नाही. सांगायची गरजही उरली नव्हती. आजी बियाकडे बघत होती आणि मग तिनं आपल्या गुणाच्या लेकाकडे पाहिलं.

"मिरच्यांवर पातळ धोतर टाकायचो," शहाजीराव म्हणाले. "त्याच्या खाली ठेवायचो. ऊन लागायचं. त्या रविवारी पाहुणे वर आले, तसं हळूच खाली जाऊन डिकीत ठेवलं." त्यांनी डब्यावर हात ठेवला. "तात्या म्हणाले होते, हे लग्न केलंस तर गावात तुझ्या दारी कुणी पाणी पिणार नाही. सितारामला शब्द दिलेला. मोडायचा कसा? मला वाटलं, तेच मोडतील. पोरगा नोकरीला आहे, दुसरी मुलगी मिळेल त्याला. कुणाचं काय जातंय."

"माझं गेलं असतं," मंजुषा म्हणाली.

ज्या माणसानं कचेरीसमोर छाती पुढे काढली होती, तोच हा. तिला त्यांचा संताप आला आणि त्याच वेळी कीवही आली.

"घड्याळ दोन दिवस अंधारात राहिलं तर तुम्हाला झोप लागत नाही, पप्पा. सौरभकडे तीन आठवडे सगळे चोर म्हणून बघत होते, तेव्हा झोप लागली तुम्हाला?"

शहाजीराव उठले, चपला घातल्या आणि कुणाला काही न सांगता बेलापूरला गेले. डबा टीपॉयवरच राहिला. तो उघडायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

संध्याकाळी परत आले ते थकून. "सितारामनं आत घेतलं," ते उज्वलाला म्हणाले. "पाणीही दिलं. पण म्हणाला, आमचा अपमान माणसांत झाला, तर खुलासाही माणसांतच व्हायला पाहिजे. तुमच्या तात्यांसमोर."

त्यांनी स्वतःच गावी फोन लावला. कोरेगावच्या लोकांना नको म्हणून सांगितलं, आणि तात्यांना पुढच्या महिन्यात साखरपुड्याला बोलावलं. पलीकडून काय बोलणं झालं ते कुणाला कळलं नाही.

६

साखरपुड्याच्या सकाळी मंजुषानं तो डबा उघडला. काटे कधीचे थांबलेले होते. महिनाभर शहाजीराव मोकळ्या मनगटानं कचेरीत जात होते आणि जेवणाच्या सुट्टीत खिडकीकडे फिरकत नव्हते.

तिनं घड्याळ गॅलरीच्या कठड्यावर ठेवलं. हिरवी साडी नेसून, केसांत गजरा माळून ती परत आली तेव्हा काटा उड्या मारत होता. तिनं वेळ लावली आणि घड्याळ वडिलांच्या मनगटावर बांधलं.

"माफ केलंस?" त्यांनी विचारलं.

"अजून नाही," ती म्हणाली. "आधी तुम्ही बोलायचं. मग मी पाटावर बसणार."

नेरूळच्या समाजमंदिरात दोन्हीकडची माणसं बसली होती. गावाकडचे सगळे आले नव्हते. ज्योतिबातात्या मात्र आले होते, आणि आले होते ते भांडायच्या तयारीनं. पाट मांडलेला होता, ओटीचं ताट तयार होतं. मंजुषा बाजूला उभी राहिली. आई तिला कोपरानं ढोसत होती, तरी ती बसली नाही. समोर सौरभ मान ताठ ठेवून बसला होता, पण त्याच्या मुठी आवळलेल्या तिला दिसत होत्या.

तात्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असा घसा खाकरला. "शाजी, घड्याळ गावलं म्हनं तुझं. हातातबी दिसतंय." त्यांनी नवऱ्या मुलाकडे नजर टाकली. "चोर कोन निगाला, त्ये सांगितलं न्हाईस."

सितारामकाकांनी डोळे मिटले. मंजुषाला वाटलं, आता पप्पा हसतील, विषय बदलतील, जेवायला वाढा म्हणतील. ते उभे राहिले. मनगटावरच्या घड्याळावर त्यांनी दुसरा हात ठेवला, आणि मग काढून घेतला.

"मी, तात्या," ते म्हणाले. "माझं घड्याळ मीच चोरलं, आणि या पोराच्या डिकीत मीच ठेवलं. तुम्हाला भ्यालो होतो म्हणून."

कुणी काही बोलायच्या आत मंजुषा पाटावर जाऊन बसली.